घाटातली पुढची जोडी

१२ जानेवारी १९४७, रविवार

ही वही हन्नाने दिली. म्हणाली, "आबा, दिवसभर पुटपुटत असतोस, त्यापेक्षा लिहून काढ. घरात शांतता तरी होईल." मिशनच्या शाळेत मी तीन यत्ता शिकलो, म्हणून लिहिता येतं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहायला कोणी शिकवली नाही. म्हणून इथे सगळे शाळेच्या मराठीत बोलतील.

आज जावई गाडी घेऊन आला. फत्तेसिंग, हन्नाचा नवरा. लढाई संपली म्हणून सरकार फौजेच्या जुन्या गाड्या विकतं आहे, त्यातली ही एक. पुढे तिघं बसतील एवढी जागा, मागे उघडी पेटी, रंग शेवाळासारखा, दारावर पांढरी चांदणी. माझी बायको हिरीबाई म्हणाली, चांदणी शुभ आहे, नाताळात आपण अशीच टांगतो. मी म्हणालो, लढाईच्या गाडीवर शुभ काय असणार.

फत्तेसिंगने गाडी अंगणात उलटी घेतली आणि तोंड सडकेकडे करून लावली. असं का, विचारलं. म्हणाला, "मामा, फौजेत गाडी नेहमी निघायच्या तोंडाने लावतात. हाक आली की निघता आलं पाहिजे."

"इथे तुला कोण हाक मारणार?"

तो हसला. मला ते हसणं बरं वाटलं नाही.

बैल आज पाणी कमी प्याले.

१४ जानेवारी

गाडीत तीन दांडे आहेत. एक गिअरचा, एक हाताने लावायच्या ब्रेकचा, आणि एक आखूड. आखूड दांड्याबद्दल फत्तेसिंगने सांगितलं की साध्या गाडीला मागची दोनच चाकं ढकलतात, पुढची नुसती फिरतात. हा दांडा लावला की पुढचीही ओढायला लागतात.

मी म्हणालो, "म्हणजे पुढची जोडी जुंपली."

"हो मामा, तसंच."

हे मला कोणी शिकवायला नको. कोंडाईबारी घाटाच्या पायथ्याशी आमच्या घराने हेच काम केलं, आधी बापाने, मग मी. धुळ्याकडे भरून जाणारी बैलगाडी चढाशी येऊन थांबते. तिच्या जोडीपुढे आमची जोडी जुंपायची, माथ्यापर्यंत ओढून न्यायची, तिथे सोडायची आणि बैल हाकत परत खाली यायचं. नियम साधा आहे. चढाला पुढची जोडी. सपाटीला नको, उगाच बैल दमतात. उताराला तर मुळीच नको. उताराला पुढचे ओढतात, मागून गाडी रेटते आणि सगळं एकमेकांच्या अंगावर येतं. माझ्या बापासमोर असे दोन बैल मेले होते.

हे सगळं मी फत्तेसिंगला सांगितलं. तो म्हणाला, "सपाटीचं अगदी खरं आहे. कोरड्या सडकेवर हा दांडा लावून ठेवला तर चारी चाकं आतल्या आत भांडतात, टायर झिजतात." उताराबद्दल काही बोलला नाही. म्हणजे तेही खरं असणार.

१६ जानेवारी

हिरीबाईशी वाद झाला. वादाचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उलटं सांगायला नको.

आमच्यात ज्या मुलाकडे मुलीच्या बापाला देज द्यायला काही नसतं, तो सासऱ्याच्या घरी राहून काम करतो. ठरलेली वर्षं भरली की मोकळा. मग बायकोला घेऊन त्याने कुठेही जावं. वर्षं भरेपर्यंत मात्र सासऱ्याचा शब्द मोडायचा नाही. फत्तेसिंगची सात वर्षं ठरली होती. तीन वर्षं त्याने माझी जोडी घाटात हाकली आणि मग तो फौजेत गाडी चालवायला गेला. चार वर्षांनी परत आला. हिरीबाई म्हणते, या होळीला सात भरतात. मी म्हणतो, तीनच भरली आहेत, अजून चार राहिली.

"तिकडे काय झोपा काढत होता का तो?" हिरीबाई म्हणाली.

"इराणात त्याने माझं कोणतं काम केलं? माझं शेत इराणात आहे का?"

"आणि मग तो गेला तर? हन्नाला घेऊन?"

"गेला तर गेला. प्रश्न नियमाचा आहे."

"नियम बैलांना लाव," असं म्हणून ती मोहाच्या झाडाखाली निघून गेली. मोह पडायला अजून महिना दीड महिना आहे. तिथे तिचं काही काम नव्हतं.

हन्ना आमची एकुलती एक. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

२३ जानेवारी

आज गाडीतून पहिल्यांदा घाट चढलो. दांडा लावताना मी "आता" म्हणालो आणि फत्तेसिंगने बरोबर त्या जागी लावला. माथ्यावर मी "सोड" म्हणालो, त्याने सोडला. बैलांना ज्याला अर्धा दिवस लागतो ते काम चिलीम संपायच्या आत झालं. येताना उतारालाही दांडा लावला नव्हता. सडक कोरडी होती. मी म्हणालो, "बघ." तो म्हणाला, "हो मामा."

माझी जोडी घाटाखाली झाडाला बांधलेली होती. बैलांनी गाडीकडे पाहिलं नाही. मला वाटतं मुद्दाम पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर फत्तेसिंगला इराणाबद्दल विचारलं. हन्नाला त्याने सगळं सांगितलेलं दिसतं, मला कोणी सांगत नाही. म्हणाला, तिथे आपल्या सातपुड्यावर सातपुडा ठेवावा असे डोंगर आहेत. रशियाला पोचवायचा माल गाड्यांत भरून त्या डोंगरांतून न्यायचा. थंडीत सगळी सडक बर्फाने झाकली जाते.

बर्फ मी पाहिला आहे. नवापूर स्टेशनवर भुशात गुंडाळलेली लादी उतरते. मी विचारलं, एवढ्या लाद्या सडकेवर कोण पसरतं, आणि का? हन्ना इतकी हसली की तिला ठसका लागला. फत्तेसिंग हसला नाही. म्हणाला, तो वरून पडतो मामा, पिंजलेल्या कापसासारखा, आवाज न करता.

शाळेतल्या मडमने मला एकदा नाताळचं चित्र दिलं होतं. एक घर आणि छपरावर पांढरं काहीतरी. आजवर मी ते कापूस वाळत घातला आहे असं समजत होतो. छपरावर कापूस वाळत घालणं मला पहिल्यापासून चूकच वाटत होतं.

मी विचारलं, त्या सडकेवर हा आखूड दांडा उपयोगी पडत असेल?

"निघायला पडतो, चढायला पडतो. थांबायला नाही. थांबायचं म्हटलं की दोन चाकांची गाडी आणि चार चाकांची गाडी सारखीच. नवीन पोरं तिथेच फसायची. चाकं ओढतात म्हणून वाटायचं, गाडी हातात आहे. मग ब्रेक मारायचे." त्याने हात सपाट धरून बाजूला सरकवला आणि खाली सोडला. "माझ्यापुढची गाडी तशी गेली. तीत माझ्या पंगतीला जेवणारा माणूस होता."

मग तो गाडीचं तेल बघायला उठला. तेल त्याने सकाळीच बघितलं होतं.

११ फेब्रुवारी

झोप नीट नाही. रेंग्या सांगून गेला की सुरतेच्या कोणी व्यापाऱ्याने फत्तेसिंगला खांडबाऱ्याच्या बाजारात विचारलं, गाडी घेऊन इकडे ये, बारा महिने काम देतो. रेंग्या आमच्या गावचा पंच. माझ्याच वयाचा आहे, पण दात सगळे शाबूत, म्हणून जास्त बोलतो.

मी म्हणालो, "त्याची वर्षं भरलेली नाहीत. पंचांनी तसं सांगावं."

"काय सांगू? तो सरकारच्या घरी घरजावई गेला होता, असं?"

"थट्टा करू नको."

"चार वर्षं हन्ना तुझ्या ओट्यावर बसून वाटेकडे बघत होती. ती वर्षं कोणाच्या खात्यात धरायची, होळ्या?"

मी म्हणालो, बघत बसणं हे काम नाही. रेंग्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, तेही काम नव्हतं. शेवटी म्हणाला, यात पंच काही करू शकत नाहीत. वर्षं भरली की नाही, हा शब्द सासऱ्याचा. होळीनंतर बसू, तू म्हणशील ते.

माझ्या हातात आहे म्हणजे बरं झालं. तरी झोप नाही.

आज हन्नाने मोठी पेटी उन्हात ठेवून पुसली. विचारलं तर म्हणाली, वाळवी लागली होती. मी आत हात घालून बघितलं. वाळवी नव्हती. गाडीचं तोंड सडकेकडेच आहे.

१८ फेब्रुवारी

उद्या घाटापलीकडे दहिवेलला जायचं आहे. तिथले चुनीलाल शेठ, त्यांच्या भुईमुगाच्या शेंगा खांडबारा स्टेशनात पोचवायच्या. मी बरोबर जाणार. फत्तेसिंग म्हणाला, मामा, दगदग होईल. मी म्हणालो, घाट माझा आहे.

संध्याकाळी पश्चिमेला ढग. या दिवसांत ढग चांगले नाहीत. गुडघाही तेच सांगतो.

२० फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहितो.

दहिवेलला पोती भरली. चुनीलाल शेठ जाडजूड माणूस, आपल्या मालावर नजर पाहिजे म्हणून मागे पोत्यांवरच बसले. बाजारातून त्यांनी एक तांब्याचं घंगाळ घेतलं होतं, तेही मांडीवर. वाटेत दोनदा ओरडून विचारलं, "होळ्याबाबा, हाई गाडी शे का भूत शे? मन्ह्या शेंगा रस्तामाच भाजी टाकशात का?"

घाटमाथा ओलांडून उताराला लागलो तोच आभाळ काळं झालं. वारा आला आणि मग गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. टपाच्या ताडपत्रीवर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. फत्तेसिंगने गाडी झाडाखाली उभी केली. मागे वळून पाहिलं तर चुनीलाल शेठ घंगाळ डोक्यावर पालथं घालून बसले होते आणि आतून देवाचं नाव घेत होते. घंगाळामुळे ते नाव फार मोठं ऐकू येत होतं.

गारा थांबल्या तेव्हा पुढची सडक दिसत नव्हती. सगळं पांढरं. दगड पांढरे, कठडा पांढरा, उतारावरची सडक पांढरी. मडमच्या चित्रासारखं, फक्त घर नव्हतं.

फत्तेसिंग खाली उतरला. चपलेने गारा दाबून पाहिल्या. मग नुसता उभा राहिला. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आला. मी म्हणालो, वितळू दे, थांबू. तो म्हणाला, "थांबलो असतो मामा, पण मागून अजून आभाळ येतंय. पाणी आलं की दरड इथेच उतरते." ते बरोबर होतं. ती जागा मला माहीत आहे.

तो बसला आणि आखूड दांडा लावला.

मी म्हणालो, "उतार आहे."

"हो."

"उताराला पुढची जोडी सोडतात."

"मामा, आज राहू द्या. पुढची चाकं जुंपलेली असली की इंजिन चारी चाकांना धरून ठेवतं. लहान गिअरमध्ये, ब्रेक न लावता, हळूहळू उतरू."

"पुढची जोडी ओढते. धरत नाही. मी बैल मेलेले ऐकले आहेत."

"हे बैल नाहीत."

"घाट तोच आहे ना? या घाटात मी पुढची जोडी सोडायला शिकलो तेव्हा तुझा बापही पाळण्यात होता."

त्याने दोन्ही हात गाडी वळवायच्या चाकावर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, एक सांगा. माझी वर्षं भरली का?"

अशा वेळी असं विचारणं मला बरोबर वाटलं नाही. पण नियमाचा प्रश्न होता, म्हणून मी खरं ते सांगितलं. "नाही. चार राहिली आहेत."

"मग तुमचा शब्द," तो म्हणाला आणि त्याने दांडा सोडला.

पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मी "बघ" म्हणणार होतो. तेवढ्यात गाडीची मागची बाजू पुढे यायला लागली. हे कसं ते मला नीट लिहिता येत नाही. आम्ही सडकेच्या दिशेला बघत होतो, मग डोंगराच्या दिशेला बघायला लागलो, आणि गाडी मात्र सडकेनेच खाली चालली होती, आडवी. माझ्या बाजूला कठडा होता, आणि कठडा संपला की काही नव्हतं. मागून घंगाळाचा आवाज आला. फत्तेसिंगचा हात आखूड दांड्यावर होता, पण तो दांडा हलवत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी ओरडलो, "भरली! तुझी वर्षं भरली! कर काय करायचं ते!"

त्याने ब्रेकवरचा पाय काढला. मला वाटलं, झालं, आता आपल्याला सोडूनच दिलं. पण गाडी हळूहळू सरळ झाली. मग दांडा गेला, गिअर गेला, इंजिन रेड्यासारखं ओरडलं आणि चारी चाकं जमीन चाचपत चालायला लागली. पुढच्या वळणावर त्याने डोंगराकडच्या मुरमाच्या ढिगात नाक घालून गाडी थांबवली. मी खाली उतरलो. तिथेच गारांत बसलो. गारा थंड असतात, हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

चुनीलाल शेठ घंगाळ काढून म्हणाले, "आम्हना गावमा गारा पडन्यात ते लोक देवले हाका मारतस. हाऊ म्हातारा जवाईले सुट्टी दी ऱ्हायना व्हता!"

बाकीचा घाट लहान गिअरमध्ये, पुढची जोडी जुंपून उतरलो. माणूस चालेल त्याहूनही हळू. खाली आल्यावर फत्तेसिंगच म्हणाला, "चूक माझी मामा. मी आधीच नीट सांगायला हवं होतं." चूक त्याची, हे त्यानेच कबूल केलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शेंगा वेळेवर पोचल्या.

२२ फेब्रुवारी

दोन दिवस विचार करतो आहे. गाडी आडवी असताना माणूस बोलतो ते पंचांपुढे धरतात का? बैल उधळला की माणूस काहीही ओरडतो, त्याला शब्द म्हणत नाहीत. रेंग्याला विचारलं. तो इतका हसला की त्याला ओट्यावरून उठवावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाला, शब्द मागे घ्यायचा असेल तर घे, तुझा आहे. पण चुनीलाल शेठ साक्षीला येणार. बाजारात ते रोज सांगत आहेत, घंगाळासकट.

फत्तेसिंगने मात्र त्या शब्दाचं नावही काढलं नाही. सकाळी उठून बैलांना पाणी पाजलं, जसा रोज पाजतो. मी सांगितलं, कडबा डावीकडे टाक, त्याने टाकला. डावीकडे टाकायचं काही कारण नव्हतं.

हिरीबाईला विचारलं, तो माझ्याकडे का बघत राहिला असेल, दांडा का लावला नाही? ती म्हणाली, "तुझा शब्द होता ना?"

"अगं, पण जीव जात होता."

"त्याला तुझे नियम कोणी शिकवले?"

मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

६ मार्च, होळी

आम्ही बाप्तिस्मा घेतलेली माणसं, होळीला नाचत नाही. लांब उभं राहून बघतो. माझा जन्म होळीचा, म्हणून मी जरा जवळ उभा राहतो.

हन्नाने पेटी परत पुसली.

७ मार्च

सकाळी रेंग्याच्या ओट्यावर पंच बसले. चुनीलाल शेठ कोणी न बोलावता आले. फत्तेसिंग एका बाजूला उकिडवा बसला होता, हन्ना खांबामागे. रेंग्याने विचारलं, "होळ्या, सांग. किती भरली?"

मी बरंच पाठ करून गेलो होतो. इराण, माझं शेत, उधळलेला बैल, सगळं. पण फत्तेसिंगकडे बघितलं आणि तो त्या पांढऱ्या सडकेवर उभा राहिला होता ते डोळ्यापुढे आलं. मी दोन हाका मारल्या तरी आला नव्हता. तो तेव्हा माझ्या घाटात नव्हताच. तशा सडकेवर चार वर्षं माणूस जाऊन आला आणि परत कुठे आला? माझ्या अंगणात.

मी म्हणालो, "सात. फौजेतली धरून सात. भरली."

चुनीलाल शेठ म्हणाले, "आते गारा नहीत, काही नही, तरी म्हातारा तेच बोली ऱ्हायना! मंग मी इतला लांब कशाले उनू?" त्यांना बिनदुधाचा चहा दिला.

फत्तेसिंगने माझ्या पायाला हात लावला. हन्ना खांबामागे रडली. आनंदाने असेल, मोकळी झाली. संध्याकाळी दोघं गाडी घेऊन कुठेतरी गेली. कुठे ते मला कोणी सांगितलं नाही, आणि आता विचारायचा मला हक्क नाही. मी लवकर आडवा झालो. गाडी परत आल्याचा आवाज ऐकला. त्यानंतर बराच वेळ ती अंगणात पुढे-मागे होत होती. निघण्याची तयारी, दुसरं काय.

८ मार्च

सकाळी चहा घेताना मी फत्तेसिंगला म्हणालो, आज बैल चरायला वरच्या बाजूला ने. तो म्हणाला, "नाही मामा, खालच्या बाजूला नेतो. वर गारांनी गवत झोपलंय." तो मला पहिल्यांदा नाही म्हणाला. खालचं गवत खरंच बरं आहे.

हन्नाची मोठी पेटी आत भिंतीला लागली आहे. तिच्यात हिरीबाईने तांदूळ भरून ठेवला. पेटी वाळवीसाठीच पुसली होती म्हणायची.

बाहेर येऊन बघितलं तर गाडी चुकीची लावली आहे. तोंड घराकडे आणि पाठ सडकेकडे. चाकांखाली मोठे दगड सरकवले आहेत, कोंबड्या आतापासूनच त्यांवर बसल्या आहेत. फौजेत शिकलेला माणूस एवढी साधी गोष्ट कशी विसरला कळत नाही. निघायची वेळ आली तर सगळी गाडी मागे घ्यावी लागेल, आणि मागे हिरीबाईच्या भोपळ्याचा मांडव आहे. सांगितलं पाहिजे.

पण त्याची वर्षं भरली आहेत. आता माझं कोण ऐकणार.